एकतीस पट्ट्यांची खिडकी

नरेंद्रभाऊंच्या हार्डवेअरच्या दुकानात मी खिडकीच्या ब्लाइंडची, त्या आडव्या पट्ट्यांच्या पडद्याची, दोरी मागितली, तर त्यांनी काउंटरवर तीन वस्तू मांडल्या. सुतळी, पायजम्याची नाडी आणि कपडे वाळत घालायची निळी वायर. यातली कोणतीही लावा ताई, दोरीच तर आहे, असं त्यांचं म्हणणं.

बाहेर परतीचा पाऊस लागला होता. ताडपत्र्या ओढलेल्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेला उभ्या होत्या आणि सोयाबीन भिजणार म्हणून आमच्या वाशीमकडच्या सगळ्या मालेगावचं तोंड वाकडं झालं होतं. माझं तर दोन वर्षांपासून तसंच होतं. मी नाडी उचलून ताणून बघत होते, तेवढ्यात मागे कोणीतरी हसलं.

"नाडी लावसान तं पडदा रोज सुटन, मॅडम."

मी वळले. ओलाचिंब शर्ट, हातात ड्रिलची पेटी, भुवईवरून पाणी ओघळतंय आणि ते पुसायचंही याला भान नाही... मी जरा रागानेच विचारलं, तुम्हाला काय कळतं यातलं? तर म्हणाला, पुण्यात सात वर्षं हेच केलंय. मग एकेक विचारत सुटला. पट्ट्या किती? माहीत नाही. रुंदी? माहीत नाही. लाकडाच्या की अल्युमिनियमच्या?

"पांढऱ्या," मी म्हटलं.

या खेपेला तो हसला नाही. "मंग घरी येऊनच पाह्यतो," एवढंच म्हणाला, आणि मी पत्ता सांगून मोकळी झाले. अनोळखी माणसाला घरचा पत्ता देणारी मी नव्हे. पण पाऊस होता, आणि कोणीतरी माझ्या खिडकीची इतकी चौकशी पहिल्यांदाच केली होती.

त्याचं नाव सेवादास, मानोरा तालुक्यातल्या एका तांड्यावरचा. पुण्यातलं दुकान बंद पडलं म्हणून दिवाळीपर्यंत घरी आलेला.

आमच्या घरात ब्लाइंड्स आल्या त्या काही हौसेने नाहीत. आईच्या डोक्यात गाठ होती आणि तिला उजेड सोसायचा नाही. पडद्याच्या फटीतून एक तिरीप आली तरी ती उशीत तोंड खुपसायची. म्हणून बाबांनी अकोल्याहून तीन खिडक्यांना पट्ट्या आणून लावल्या. तीन वर्षं आम्ही त्या अंधारात आईला जपलं, आणि दोन वर्षांपूर्वी रुख्मिणी गेली. हो, मी कधीकधी आईला नावानेच आठवते, नाहीतर ती फक्त आजारी बाईच आठवते. त्या तीन वर्षांत मला दोन स्थळं आली होती. दोन्ही मीच परत पाठवली. आता मी एकोणतीसची, पंचायत समितीत कंत्राटी कम्प्युटर ऑपरेटर, आणि आमचे बाबा, निवृत्त जानराव गुरुजी, आईच्या खोलीत पट्ट्या मिटून बसलेले. खोलीतल्या ब्लाइंडच्या ओढायच्या दोरीला त्यांनी अशी गाठ मारून ठेवली होती की ती वर जाऊच नये. मी समजले, दुःख आहे. दुःखाला कोण हात लावणार!

सेवादास रविवारी आला. दारातच बाबासाहेबांचा फोटो दिसला तसा "जय भीम, गुरुजी" म्हणून आत आला. हॉलमधली ब्लाइंड बघून त्याने कपाळाला हात लावला, कारण मागच्या हंगामात मी ती ओल्या फडक्याने पुसली होती. आमच्या मागे मळणीयंत्र चालतं, सोयाबीनचं भुसकट उडून बारीक धूळ घरभर बसते, आणि ती भिजली की तिचा चिखलासारखा गारा होतो. तो माझ्या पट्ट्यांवर वाळून बसला होता.

"कोन्या हुशार मानसानं केलं हे?"

"मी," मी म्हटलं.

"असं काय... बरंच मन लावून केलं."

मग त्याने शिकवलं. पट्ट्या आधी एका बाजूला पूर्ण मिटायच्या, वरून खाली यायचं, आधी कोरडं, मगच ओलसर, आणि मग पट्ट्या फिरवायची दांडी उलटी फिरवून दुसरी बाजू. त्यासाठी त्याला जुना सुती मोजा हवा होता. मी माझा शाळेतला जोड शोधून आणला. तो त्याने हातात चढवला आणि प्रत्येक पट्टी अंगठा अन् बोटांच्या मध्ये धरून इतक्या हळू पुसत गेला की मला उगाच हॉलमध्येच काम निघायला लागलं.

"कोनाचा हाये हा?"

"माझा. दहावीतला."

"पाय लाहान होते तुमचे."

"आताही काही मोठे नाहीत."

त्याने खरंच खाली पाहिलं. मी पाय पलंगाखाली घेतले.

आमच्या वऱ्हाडात दूधवाल्यापासून साहेबापर्यंत सगळ्यांना भाऊ म्हणतात. याला मी पहिल्या दिवसापासून भाऊ म्हटलं नाही. माझ्याआधी ते बाबांच्या ध्यानात आलं, कारण संध्याकाळी ते सहज म्हणाले, "पोरगा बरा बोलते. पुन्हा कधी येनार हाये?"

पुन्हा यायचं कारणच उरलं नव्हतं. म्हणून पुढच्या शनिवारी मी माझ्या खोलीतल्या ब्लाइंडच्या खालच्या दांड्याचं टोपण स्क्रूड्रायव्हरने काढलं. लाज वाटली, पण काढलं.

सेवादासने दांडा उलटसुलट करून पाहिला. "हे आपोआप निंगत नाई."

"उंदीर असेल."

"स्क्रूड्रायव्हरवाला उंदीर?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्याने ते टोपण शांतपणे आपल्या खिशात टाकलं आणि म्हणाला की हे काही आज बसत नाही, पुढच्या रविवारी बसवावं लागेल. चांगलं धडधाकट टोपण होतं. आम्ही दोघेही ते जाणून होतो आणि दोघेही गंभीर तोंड करून उभे होतो... त्या दिवशी पाऊस थांबला तरी तो निघेना, आणि मी दुसऱ्यांदा चहा ठेवला.

असे चार रविवार गेले. चौथ्या रविवारी तो स्टुलावर चढला होता आणि मी स्टूल धरून होते. वरूनच, मोजा हातात, तो सांगू लागला की हैदराबादेत एका मोठ्या दवाखान्याच्या सातशे खिडक्यांचं काम आहे, ठेकेदाराला सहा महिन्यांचा शब्द दिलाय, दिवाळी झाली की निघायचं. त्याचे आईवडीलही तेव्हाच ऊसतोडीला जातात. दिवाळीनंतर त्यांचा तांडा निम्मा रिकामा होतो. मी ऐकत होते.

"तुमी चालता काय?" त्याने विचारलं.

"कुठं?"

"माह्यासंगं. लग्न करून."

स्टूल हललं. मी हलवलं की तो हलला, देव जाणे. मी म्हटलं, बाबांना विचारते.

मला वाटलं होतं बाबा दोन दिवस विचार करतील, निदान गप्प बसतील. त्यांनी माझं वाक्यही पुरं होऊ दिलं नाही. "जा," म्हणाले. मी आठवण करून दिली की तो बंजारा समाजाचा, आपण बौद्ध, दोन्हीकडचे लोक बोलतील. तर म्हणाले, "मंग तीस वर्ष मी पोराइले काय शिकवलं?" आणि तुमचं कोण करणार, असं विचारलं तर चक्क रागावले. मी काय लहान लेकरू आहे का, डबा लावीन, शेजारी आहेत. मला निघण्याची घाई नव्हती इतकी त्यांना मला काढण्याची होती. जरा खुपलं ते. पण खरं सांगते, त्या आठवड्यात मला बाकी काही दिसत नव्हतं. मी सुखी होते आणि सुखी माणूस फार निष्काळजी असतो.

शेवटची खिडकी राहिली होती, आईच्या खोलीची. तिची दोरी कुजली होती आणि बाबा हात लावू देत नव्हते. शेवटी कसेबसे तयार झाले, अट एकच की दीपा, म्हणजे मी, घरात नको. मी ऑफिसात असताना सोमवारी सेवादास येऊन ती करून गेला.

मंगळवारी त्याचा फोन आला नाही. बुधवारी मी केला, उचलला नाही. गुरुवारी तो पंचायत समितीच्या फाटकासमोर उभा दिसला, मान खाली. माझ्या मनात जे यायचं तेच आलं... हा नाही म्हणायला आलाय.

फाटकाजवळच्या कडुलिंबाखाली आम्ही उभे राहिलो. त्याने पहिल्यांदाच मला मॅडम म्हटलं नाही.

"दीपा, तुह्या बाबाले दिसत नाई."

मी म्हटलं, त्यांना चष्मा आहे. माझा आवाज मलाच मूर्खासारखा वाटला.

मग तो सांगत गेला. त्या ब्लाइंडवर बोटभर धूळ होती. दोन वर्षं कोणी पुसली नाही, म्हणजे असणारच. पण हाताच्या उंचीवरच्या सात-आठ पट्ट्या डाव्या कडेला स्वच्छ होत्या, बोटांनी घासलेल्या. फिरवायची दांडीही चकचकीत. याचा अर्थ पट्ट्या कायम मिटलेल्या नव्हत्या, कोणीतरी रोज चाचपडत त्या उघडत होतं आणि रोज मिटत होतं. त्याने बाबांना विचारलं. बाबा आधी ओरडले, मग पलंगावर बसले.

काचबिंदू. दीड वर्षांपूर्वी अकोल्याच्या डॉक्टरने सांगितलं होतं. थेंब दिले होते, ते संपले, आणि एकट्याने अकोल्याला जाण्याइतकं दिसेनासं झालं तेव्हा बाबांनी जाणंच सोडलं. मी ऑफिसला गेले की रोज दुपारी ते पट्ट्या उघडत, तोंडासमोर हात धरत आणि बोटं मोजत. आधी पाच दिसायची. पोळ्याला तीन.

"आता हात हाये इतकं समजते म्हने," सेवादास म्हणाला. "तुले सांगू नको म्हनून शपथ घातली मले. तिले कळलं तं ती कुठंच जानार नाई, तू घेऊन जा, मंग मी पाह्यतो माह्यं."

मला एकेक आठवायला लागलं. पेपरात आता काही राम नाही म्हणून ते मला वाचायला लावत. चहा ओतताना कपाच्या काठावर बोट ठेवत. आईच्या खोलीत मिट्ट अंधार ठेवत, कारण अंधारात माझं आणि त्यांचं दिसणं सारखंच. मी त्याला दुःख म्हणत होते. दोन वर्षं एका घरात राहून मी त्या पट्ट्यांकडे धड पाहिलं नव्हतं आणि परक्या माणसाने एका दुपारी सगळं ओळखलं.

राग कोणावर काढायचा? समोर होता त्याच्यावरच काढला.

"नसतं सांगितलं तर मी आले असते तुझ्यासोबत."

"माहीत हाये."

"मग काहून सांगितलं?"

त्याने खालची पानं पायाने सरकवली. "तीन दिवस तेच घोकत होतो. नसती आवडली तं गुपचूप घेऊन गेलो असतो, दीपा."

असं प्रेम कोणी कबूल करतं का? मला रडायला आलं आणि मी ऑफिसात परत जाऊन चार वाजेपर्यंत कोणाकोणाची नावं कम्प्युटरमध्ये भरत बसले.

दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा डबा घेऊन निघाले, दार लोटलं, आणि चप्पल हातात घेऊन मागच्या दाराने आत आले. आईच्या खोलीत कपाटाला टेकून उभी राहिले. बारा वाजले. बाबा आले. भिंतीला हात लावत, सहा पावलं, मग वळून दोन. माझ्यापासून हातभर अंतरावरून गेले. त्यांनी डाव्या हाताने पट्ट्या चाचपल्या, दांडी फिरवली. खोलीत उजेड आला, माझ्या अंगावर पडला, आणि मी त्यांच्या पुढ्यात उभी असून त्यांना दिसले नाही.

त्यांनी तोंडासमोर हात धरला.

"किती?" मी विचारलं.

हात तसाच राहिला.

"पाच," बाबा म्हणाले. मग बसले आणि हळूच म्हणाले, "पाचच असतात ना, म्हनून."

मी त्यांचा तो हात धरला. आम्ही दोघंही आई गेली तेव्हा इतके रडलो नव्हतो. ते एवढंच म्हणत होते की एका आजारी माणसाने तुझी तीन वर्षं खाल्ली, मला उरलेली खायची नव्हती. आणि त्या पोराने शब्द मोडला. मी म्हटलं, मोडला म्हणूनच तो मला हवा होता. होता, म्हटलं मी. ते बाबांनी ऐकलं.

अकोल्याच्या डॉक्टरने नवीन काही सांगितलं नाही. गेलेली नजर येत नाही. सकाळ-संध्याकाळ थेंब चुकवले नाहीत तर जो काही उजेड उरलाय तो राहील. चुकवायचे नाहीत म्हणजे घरात कोणीतरी हवं. मी हैदराबादचं नाव पुन्हा काढलं नाही.

दिवाळीनंतर सेवादास निघाला. मालेगावच्या बसस्टँडवर वाशीमची गाडी लागली नव्हती. तो म्हणाला, तुला येता येत नाही तर मी येतो, सहा महिने होऊ दे, इथेच दुकान टाकतो.

"लोक घरजावई म्हनतीन तुले," मी म्हटलं.

"म्हनू दे. तांड्यात मले आताच पडदेवाला म्हनतेत."

मला हसू आलं आणि त्याचाच राग आला. मी म्हटलं, वाट बघायला सांगू नकोस, मी वाट बघण्यात आधीच बरीच वर्षं घालवली आहेत. सातशे खिडक्या आहेत, एखादीत माझ्यापेक्षा बरी सापडेल. यावर त्याने खिशातून माझा दहावीतला मोजा काढला, धुऊन घडी केलेला. एकच.

"दुसरा?"

"माह्याजवळ राहू दे."

"एक मोजा कोनाच्या कामाचा?"

"म्हनूनच," तो म्हणाला.

मग सांगू लागला की त्यांच्या तांड्यातले लोक आजोबांच्या काळापासून दिवाळीनंतर जातात आणि उन्हाळ्यात येतात, जाणाऱ्यासाठी तिथे कोणी रडत नाही. मी विचारलं, अन् जो येत नाही त्याचं काय? तेवढ्यात गाडी लागली. तो चढला, खिडकीत बसला. त्या खिडकीची काच अर्ध्यात अडकली होती आणि तो ती सरकवायला झटत असतानाच गाडी निघाली.

हिवाळा लांबला. सुरुवातीला रोज फोन, मग दोन दिवसांनी, मग रविवारी. तो थकलेला असायचा आणि मी चिडलेली. मार्चमध्ये त्याचा फोन बंद लागायला लागला. मी आठवडाभर लावला आणि मग सोडून दिलं. आमच्या नशिबात उजेड मोजून मापून आहे, असं मी बाबांना म्हटलं. ते म्हणाले, जेवढा आहे तेवढा तर घे.

दर रविवारी मी ब्लाइंड्स पुसायला बसायची आणि बाबा मध्ये यायचे. शेवटी कोरडं पुसणं त्यांच्याकडे गेलं. त्यांनी मोजा हातात घालून बोटांनी पट्टी चाचपत वरून खाली यायचं, मी मागून ओलसर फडकं मारायचं. माझ्यापेक्षा ते फार नीट करत. आईच्या खिडकीला एकतीस पट्ट्या आहेत हे मला त्यांनी सांगितलं, आणि विसावी जरा वाकडी आहे हेही. त्या खोलीत आता पट्ट्या दिवसभर उघड्या असत. उघड्या म्हणजे आडव्या. पूर्ण वर मात्र आम्ही त्या कधी ओढल्या नाहीत. नवी दोरी घातली होती, गाठ नव्हती, तरी हात व्हायचा नाही.

एप्रिलमध्ये ऊसतोडीचे ट्रक परतू लागले. मानोऱ्याकडे जाताना रस्त्याने दिसायचे, भांडीकुंडी, बाजा-खाटा, वर बसलेली माणसं. आमच्या ऑफिसातल्या शिपाई किसनसिंगांचं गावही तिकडचंच. त्यांना मी एकदा सहज विचारलं. ते म्हणाले की सेवादासचे मायबाप येऊन आठ दिवस झाले, पोरगा दिसला नाही. मी बरं म्हटलं. त्या रात्री जेवले नाही, आणि बाबांना न दिसताही ते कळलं.

पुढचा रविवार. ऊन असं की डोळे उघडवत नव्हते. मी खाली बसून फडकं पिळत होते, बाबा खिडकीशी, बारा-तेराव्या पट्टीवर. ते एकाएकी थांबले.

"दीपा, ढग आले काय?"

मी म्हटलं, वैशाखात कसले ढग.

"मंग खिडकीत कोनी उभं हाये," बाबा म्हणाले. "उजेड कमी झाला."

मी मान वर केली. आडव्या पट्ट्यांच्या फटींतून निळा शर्ट दिसला, घामाने काळवंडलेला. गजाला टेकलेला एक हात दिसला. त्या हातात पांढरा मोजा होता, माझा, दहावीतला.

"फोन सहाव्या मजल्यावरून पडला," बाहेरून आवाज आला. "नंबर कोनताच पाठ नव्हता. सातशे झाल्या, तसा निंघालो."

बाबांनी आपल्या हातातला मोजा काढून माझ्याकडे धरला, आणि म्हणाले की हा पोरगा शब्द मोडणाऱ्यांतला आहे, पण आपल्या कामाचा आहे. मी मोजा घेतला. दार उघडायला उठले, पण आधी आईच्या खिडकीची दोरी धरली आणि एकतीसच्या एकतीस पट्ट्या वर ओढल्या.